सोनोग्राफीत किडनीमध्ये अनपेक्षित काही सापडले, तर रिपोर्ट कसा वाचावा

पोट दुखते म्हणून, पित्ताशयात खडे असल्याची शंका म्हणून किंवा निव्वळ वार्षिक तपासणीचा भाग म्हणून सोनोग्राफी केली जाते. ज्या प्रश्नासाठी ती केली त्याचे उत्तर ‘सर्व ठीक’ असे येते आणि त्याच कागदावर किडनीबद्दलची, कोणी न विचारलेली एक ओळ छापून येते. ‘उजव्या किडनीत सिस्ट’, ‘डाव्या किडनीत किंचित फुगवटा’, ‘कॉर्टिकल इकोजेनिसिटी वाढलेली’. डॉक्टरांची भेट दोन दिवसांनी असते आणि ते दोन दिवस घरातले सगळे जण तो कागद वाचत बसतात.

असे रिपोर्ट वाचताना माणसे पुष्कळदा चुकीच्या शब्दाला घाबरतात. ‘सिस्ट’ वाचून झोप उडते आणि ‘इकोजेनिसिटी’ हा शब्द कळत नाही म्हणून ती ओळ सोडून दिली जाते. प्रत्यक्षात साधी सिस्ट बहुतेक वेळा आयुष्यभर काहीही करत नाही, तर सोडून दिलेल्या त्या ओळीमागे किडनीचा संथ आजार असू शकतो. म्हणून रिपोर्ट कोणत्या क्रमाने वाचावा, कोणत्या शब्दापुढे कोणती तपासणी येते आणि कशासाठी थांबणे सुरक्षित आहे, हे पुढे मांडले आहे. निदान डॉक्टरांनीच करायचे आहे. मात्र त्यांच्यासमोर बसण्याआधी आपल्या रिपोर्टमध्ये काय लिहिले आहे हे तुम्हाला समजलेले असावे.

सर्वांत आधी: आजच जायला हवे का?

अर्थ लावत बसण्यापूर्वी काही गोष्टी तपासून घ्या. किडनीला सूज (‘हायड्रोनेफ्रोसिस’) असल्याचे रिपोर्टमध्ये लिहिले असेल आणि त्यासोबत थंडी वाजून ताप येत असेल, तर अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता असते आणि ती तातडीची अवस्था आहे; त्याच दिवशी रुग्णालयात जावे. लघवी पूर्ण बंद झाली असेल, किंवा जन्मतः अथवा शस्त्रक्रियेमुळे एकच किडनी असून तिलाच सूज आली असेल, तरीही तेच करावे. लघवीतून डोळ्यांना दिसेल असे रक्त गेले असेल, तर ते न दुखता गेले आणि आपोआप थांबले म्हणून सोडून देऊ नये. वेदना नसलेले रक्त हे वेदना असलेल्या रक्तापेक्षा कमी गंभीर नसते, उलट त्याची तपासणी अधिक काटेकोरपणे करावी लागते. यांपैकी काहीच नसेल, तर रिपोर्ट शांतपणे वाचायला वेळ आहे.

शेवटची ओळ नव्हे, मधला परिच्छेद वाचा

बहुतेक जण थेट तळाचे ‘इम्प्रेशन’ वाचतात. ते सारांशासाठी असते; खरी माहिती वरच्या परिच्छेदात, आकड्यांमध्ये असते. समजा तिथे असे लिहिले आहे: उजवी किडनी ९.८ बाय ४.१ सेंमी, कॉर्टिकल इकोजेनिसिटी नॉर्मल, सीएमडी मेन्टेन्ड, अप्पर पोलला (वरच्या टोकाला) १४ बाय १२ मिमीची सिंपल कॉर्टिकल सिस्ट, खडा किंवा हायड्रोनेफ्रोसिस नाही.

यातला प्रत्येक तुकडा वेगळे काही सांगतो. प्रौढ माणसाची किडनी साधारण ९ ते १२ सेंमी लांब असते, डावी उजवीपेक्षा किंचित मोठी असणे नेहमीचे आहे, आणि बुटक्या किंवा वयस्कर माणसात ती थोडी लहान भरते. दोन्हींच्या लांबीत दीड-दोन सेंमीहून अधिक फरक असेल, तर मात्र लहान असलेली किडनी का लहान राहिली याचा शोध घ्यावा लागतो. ‘सीएमडी’ म्हणजे किडनीचे बाहेरचे आवरणासारखे कॉर्टेक्स आणि आतला गाभा यांच्यातली सीमारेषा; ती स्पष्ट दिसत असेल तर ‘मेन्टेन्ड’ असे लिहितात. ‘इकोजेनिसिटी’ म्हणजे कॉर्टेक्स पडद्यावर किती उजळ दिसते ते. या उदाहरणातील किडनी नीट आहे आणि तिच्यावर पाण्याचा एक छोटा फुगा आहे, एवढाच या परिच्छेदाचा अर्थ.

एकक नीट पाहा. १४ मिमी आणि १४ सेंमी यांच्यातला गोंधळ ऐकायला हास्यास्पद वाटतो, पण फोनवरून नातेवाइकांना रिपोर्ट वाचून दाखवताना तो हमखास होतो.

मोजमापातल्या लहान फरकांवरून निष्कर्ष काढू नये. सोनोग्राफी हे हातात प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचे उपकरण, धरून केलेले काम आहे. प्रोबचा कोन जरा तिरका झाला, श्वास कमी-अधिक रोखला गेला किंवा यंत्र आणि तपासणारी व्यक्ती बदलली, तर त्याच किडनीची लांबी अर्धा-एक सेंमीने आणि सिस्टचा आकार दोन-तीन मिलिमीटरने वेगळा येऊ शकतो. गेल्या वर्षी १२ मिमी असलेली सिस्ट यंदा १४ मिमी झाली, याचा अर्थ ती वाढली असाच होत नाही.

घडणीतले फरक

काही निष्कर्ष रोग नसून घडणीतले फरक असतात. कॉलम ऑफ बर्टिन, ड्रोमेडरी हम्प, फीटल लोब्युलेशन, एक्स्ट्रारीनल पेल्विस हे शब्द भारदस्त असले तरी त्यांचा अर्थ अनुक्रमे किडनीच्या आत घुसलेला सामान्य कॉर्टेक्सचा पट्टा, डाव्या किडनीवर प्लीहेच्या दाबाने आलेला उंचवटा, गर्भावस्थेतल्या खाचा तशाच राहणे आणि लघवी गोळा होणारी पिशवी किडनीच्या थोडी बाहेर असणे इतकाच आहे. त्यासाठी उपचार लागत नाहीत. पहिले दोन प्रकार कधीकधी गाठीसारखे भासतात आणि शंका उरली तर एकदा सीटी स्कॅन करून ती मिटवली जाते.

दोन्ही किडन्या खालच्या टोकाला जोडलेल्या असणे, म्हणजे हॉर्सशू किडनी, किंवा एक किडनी जन्मतः नसणे, हेही अनेकांना चाळिशी-पन्नाशीत प्रथमच कळते. हॉर्सशू किडनीत खडे आणि जंतुसंसर्ग होण्याची प्रवृत्ती थोडी जास्त असते. एकच किडनी असलेल्यांनी वर्षातून एकदा रक्तदाब, क्रिएटिनिन (किडनीचे काम कसे चालले आहे ते सांगणारी रक्ततपासणी) आणि लघवीतले प्रथिन तपासावे आणि कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

सिस्ट: ‘सिंपल’ हा शब्द आहे का, ते शोधा

सिस्ट म्हणजे द्रवाने भरलेली पातळ पिशवी. पन्नाशीनंतर किडनीत अशा एक-दोन पिशव्या आढळणे सर्रास आहे. मराठीत बोलताना आपण सिस्टलाही ‘गाठ’ म्हणतो आणि ट्यूमरलाही ‘गाठ’ म्हणतो. घरातला निम्मा घोळ या एका शब्दाने होतो, म्हणून किडनीबद्दल बोलताना ‘पाण्याची’ की ‘भरीव’ हे सांगितल्याशिवाय ‘गाठ’ हा शब्द वापरू नये.

सोनोग्राफीवर सिस्टला ‘सिंपल’ ठरवण्यासाठी तीन खुणा एकत्र दिसाव्या लागतात. आतला भाग पूर्ण काळा असावा, म्हणजे तिथून एकही प्रतिध्वनी परत येऊ नये. भिंत पातळ आणि गुळगुळीत असावी. आणि सिस्टच्या मागचा भाग आजूबाजूपेक्षा उजळ दिसावा, कारण द्रवातून जाताना ध्वनिलहरी फारशा क्षीण होत नाहीत. या तिन्ही खुणा असतील तर निदान तिथेच पूर्ण होते. पुढे सीटी लागत नाही, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागत नाही आणि सिस्ट विरघळवणारे औषध अस्तित्वात नाही. ती फार मोठी होऊन दुखू लागली, तिच्यात जंतुसंसर्ग झाला किंवा तिच्या दाबाने लघवीचा मार्ग अडला, तरच उपचारांचा विचार होतो.

‘कॉम्प्लेक्स’ (साधी नसलेली), ‘सेप्टेटेड’ (आत पडदे असलेली), ‘इंटर्नल इको’ (आतून येणारे प्रतिध्वनी), ‘वॉल कॅल्सिफिकेशन’ (भिंतीत साचलेले कॅल्शियम) किंवा ‘म्युरल नोड्यूल’ (भिंतीवरची भरीव गाठ) असे शब्द असतील, तर पुढची पायरी कॉन्ट्रास्टसह, म्हणजे चित्र स्पष्ट करणारे द्रव्य शिरेतून देऊन केलेली, सीटी किंवा एमआरआय ही असते. रेडिओलॉजिस्ट मॉर्टन बॉस्निअक यांनी १९८६ मध्ये अशा सिस्टची सीटीवर आधारलेली वर्गवारी मांडली आणि २०१९ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली, जिच्यात एमआरआयचे निकषही आले. वर्ग १ आणि २ निरुपद्रवी धरले जातात. ‘२ एफ’ मधला ‘एफ’ हा फॉलो-अपचा आहे; तिथे साधारणपणे सहा महिन्यांनी, मग वर्षाने आणि पुढे दरवर्षी अशी एकूण पाच वर्षे नजर ठेवतात. वर्ग ३ मधल्या सुमारे निम्म्या सिस्ट कर्करोगाच्या निघतात आणि वर्ग ४ मधल्या बहुतांश. ही वर्गवारी मुळात सीटी आणि एमआरआयसाठी आहे, त्यामुळे साध्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर बॉस्निअकचा क्रमांक लिहिलेला असेल तर तो तात्पुरता अंदाज समजावा.

दोन्ही किडन्यांत अनेक सिस्ट असतील, तर प्रश्न वेगळा होतो. आई किंवा वडिलांना पॉलिसिस्टिक किडनीचा आनुवंशिक आजार असल्यास, १५ ते ३९ या वयात दोन्ही किडन्यांत मिळून तीन किंवा अधिक सिस्ट दिसणे आणि ४० ते ५९ या वयात प्रत्येक किडनीत किमान दोन दिसणे हे निदानाला पुरेसे मानले जाते. साठीनंतर प्रत्येकी चार लागतात, कारण वयोमानाने येणाऱ्या साध्या सिस्टही तोवर भर घालत असतात. म्हणून ‘मल्टिपल सिस्ट’ असे वाचल्यावर घरात कोणाला डायलिसिस लागले होते का, कोणी तरुणपणी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले का, हे आठवून डॉक्टरांना सांगावे. या आजारात मेंदूच्या रक्तवाहिनीला फुगा येण्याचा धोका वाढलेला असतो, त्यामुळे तो दुसरा प्रश्न विषय सोडून विचारलेला नाही.

भरीव गाठ: इथे वाट पाहू नये

‘सॉलिड लीजन’, ‘मास’, ‘एसओएल’ (जागा व्यापणारी गाठ) किंवा सिस्टमध्ये रक्तप्रवाह दिसल्याचा उल्लेख असेल, तर ‘तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून पाहू’ हा सल्ला पुरेसा नाही. अशा वेळी किडनीसाठी ठरवून केलेली, टप्प्याटप्प्याची कॉन्ट्रास्ट सीटी किंवा एमआरआय लागते. इंजेक्शनपूर्वी आणि इंजेक्शननंतर गाठीची घनता मोजतात. सीटीवर ती २० हाउन्सफील्ड युनिटांहून अधिक वाढली, तर गाठीला रक्तपुरवठा आहे आणि ती केवळ द्रवाची पिशवी नाही, हे सिद्ध होते.

भरीव गाठींमध्ये एक प्रकार निरुपद्रवी म्हणून परिचित आहे, तो अँजिओमायोलिपोमा, म्हणजेच एएमएल. त्यात चरबी असल्यामुळे तो सोनोग्राफीवर पांढराशुभ्र चमकतो आणि रिपोर्टमध्ये ‘हायपरएकोइक लीजन, लाइकली एएमएल’ असे लिहिले जाते. इथे ‘लाइकली’ या शब्दाला महत्त्व आहे. किडनीचे काही लहान कर्करोगही असेच पांढरे दिसतात, म्हणून गाठीत खरोखर चरबी आहे हे सीटी किंवा एमआरआयवर एकदा तरी पाहून घ्यावे. चरबी निश्चित झाली की लहान एएमएलवर फक्त नजर ठेवतात. ४ सेंमीच्या पुढे रक्तस्रावाचा धोका वाढतो असे परंपरेने मानले जाते आणि गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने हा शोध आधीच डॉक्टरांशी बोलावा.

उरलेल्या भरीव गाठींबद्दल घाबरवणारे आणि धीर देणारे असे दोन्ही सांगण्यासारखे आहे. आज किडनीचे निम्म्याहून अधिक कर्करोग अशाच दुसऱ्या कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडतात. अशा सापडलेल्या गाठी बहुधा लहान असतात. ४ सेंमीपेक्षा लहान गाठींपैकी सुमारे पाचातली एक सौम्य निघते, आणि ज्या कर्करोगाच्या असतात त्यांतल्या अनेक वर्षाला काही मिलिमीटर इतक्या संथपणे वाढतात. म्हणून पूर्ण किडनी काढणे हा एकमेव मार्ग नसतो. फक्त गाठ काढून किडनी वाचवणे, सुईने गाठ जाळणे किंवा गोठवणे आणि वयस्कर किंवा इतर आजार असलेल्या रुग्णात ठरावीक अंतराने स्कॅन करत लक्ष ठेवणे, हे तिन्ही मान्य पर्याय आहेत. ‘माझ्या बाबतीत किडनी वाचवता येईल का, आणि नसेल तर का नाही?’ हा प्रश्न यूरोलॉजिस्टना थेट विचारावा.

सूज, म्हणजे हायड्रोनेफ्रोसिस

ही सूज मांसल भागाला आलेली नसते. पुढचा मार्ग अडल्यामुळे लघवी मागे तुंबून किडनीच्या आतल्या पोकळ्या फुगलेल्या असतात. ‘माइल्ड’ किंवा ‘मिनिमल फुलनेस’ असे लिहिले असेल, तर पहिला प्रश्न अगदी साधा आहे: तपासणीच्या वेळी मूत्राशय किती भरले होते? पोटाच्या सोनोग्राफीसाठी तासन्‌तास लघवी रोखून, पाणी पिऊन बसलेल्या माणसाच्या किडन्या किंचित फुगलेल्या दिसू शकतात. लघवी करून आल्यावर प्रोब पुन्हा त्याच जागी ठेवला आणि काळी पोकळी मिटलेली दिसली, तर विषय तिथेच संपतो. ही दुसरी झलक घेतली गेली का, हे रिपोर्टवरून कळत नसेल तर विचारावे. गरोदरपणातही असा फुगवटा, विशेषतः उजवीकडे, अपेक्षित असतो. आणि किडनीच्या मध्यभागातल्या पॅरापेल्विक सिस्ट सुजेसारख्या भासून चकवतात.

लघवीनंतरही सूज टिकली, तर अडथळा शोधायचा असतो: मूत्रनलिकेतला खडा, जन्मजात अरुंद भाग, वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी किंवा बाहेरून येणारा दाब. मूत्रनलिकेचा मधला भाग सोनोग्राफीवर आतड्यांतल्या हवेमुळे सहसा दिसत नाही, त्यामुळे ‘खडा दिसला नाही’ म्हणजे खडा नाही असे होत नाही. त्यासाठी कॉन्ट्रास्टशिवायची सीटी अधिक विश्वासार्ह आहे. अडथळा कार्यावर किती परिणाम करतो हे डीटीपीए किंवा मॅग-३ या आयसोटोप स्कॅनने कळते. संथपणे वाढणारा अडथळा अजिबात दुखत नाही आणि महिनोन्‌महिने किडनी झिजवत राहतो, म्हणून ‘दुखत नाही, मग राहू दे’ हा न्याय इथे लावू नये.

खडे

खडा चमकदार ठिपक्यासारखा दिसतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते. सावली नसलेल्या २-३ मिमीच्या ठिपक्याला ‘कॉन्क्रिशन’ म्हणून नोंदवतात, पण तो रक्तवाहिनीच्या भिंतीचा किंवा चरबीचा चमकाराही असू शकतो. अशा ठिपक्यासाठी खडा पाडणारी औषधे महिनोन्‌महिने घेणे अनावश्यक आहे. किडनीतच शांत बसलेल्या लहान खड्याला दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी आणि वर्षभराने एक तपासणी पुरते. ५ मिमीपर्यंतचे खडे सरकले तरी बहुधा आपोआप पडतात. १० मिमीच्या आसपासच्या आणि त्याहून मोठ्या खड्यांसाठी मात्र यूरोलॉजिस्टकडे जावे.

जी ओळ बहुतेक जण सोडून देतात

‘बायलॅटरल रेज्ड कॉर्टिकल इकोजेनिसिटी’, ‘सीएमडी लॉस्ट’, ‘सीआरपीसी’, ‘मेडिकल रीनल डिसीज’. हे सारे शब्द किडनीच्या मांसल भागातल्या बदलांकडे बोट दाखवतात. निरोगी कॉर्टेक्स सोनोग्राफीवर यकृताइतके किंवा त्याहून किंचित गडद दिसते. ते यकृताहून उजळ दिसू लागले की इकोजेनिसिटी वाढली असे म्हणतात आणि तिला पहिली, दुसरी, तिसरी ग्रेड देतात. या तुलनेत एक गंमत आहे: फॅटी लिव्हर असलेल्या माणसाचे यकृतच उजळ असते, त्यामुळे शेजारची आजारी किडनीही त्याच्या तुलनेत नॉर्मल भासू शकते. म्हणजे उजळपणावरून आजार आहेच असे ठरत नाही आणि तो नसण्यावरून आजार नाहीच असेही ठरत नाही.

सोनोग्राफी किडनीची घडण दाखवते, तिचे काम नव्हे. कामाची तपासणी रक्त आणि लघवीत होते, म्हणून वरीलपैकी एकही शब्द दिसला तर तीन गोष्टी करून घ्याव्यात: क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती वेगाने रक्त गाळते याचा अंदाज), लघवीची नेहमीची तपासणी आणि लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण, म्हणजे एसीआर. सोबत रक्तदाब मोजावा. ईजीएफआर ६० च्या खाली किंवा एसीआर प्रतिग्रॅम ३० मिग्रॅ किंवा त्याहून जास्त अशी स्थिती तीन महिन्यांहून अधिक टिकली, तर दीर्घकालीन किडनी विकार धरला जातो. तीन महिन्यांची ही अट विसरू नये, कारण ताप, जुलाब, भरपूर व्यायाम किंवा लघवीचा संसर्ग यांमुळे एखादा आकडा तात्पुरता बिघडू शकतो.

मधुमेह असलेल्यांनी इथे विशेष लक्ष द्यावे. इतर बहुतेक दीर्घकालीन विकारांत किडनी आक्रसते. मधुमेहात मात्र कार्य बरेच कमी झाले तरी तिचा आकार नॉर्मल राहू शकतो. ‘सोनोग्राफीत किडन्या चांगल्या आल्या’ या वाक्यावर विसंबून मधुमेही व्यक्तीने एसीआर टाळणे ही मला या साऱ्या विषयातली सर्वांत महागात पडणारी चूक वाटते. आकडे बिघडलेले असतील, तर स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत आणि नेफ्रोलॉजिस्टची भेट ठरवावी.

भेटीला जाताना

भरीव गाठ, संशयास्पद सिस्ट, खडे आणि अडथळा यांसाठी यूरोलॉजिस्ट. उजळ किंवा आक्रसलेल्या किडन्या, बिघडलेले क्रिएटिनिन, लघवीतले प्रथिन आणि पॉलिसिस्टिक आजार यांसाठी नेफ्रोलॉजिस्ट. पहिला शस्त्रक्रियेचा तज्ज्ञ, दुसरा औषधोपचारांचा. दोघांची गल्लत झाली की एक भेट फुकट जाते.

सोबत पाच-दहा वर्षांपूर्वीचे पोटाचे कोणतेही जुने स्कॅन न्यावे, अगदी अपेंडिक्ससाठी केलेली सीटीसुद्धा. त्या सीटीत किडन्याही आलेल्या असतात आणि आजची १८ मिमीची संशयास्पद गोष्ट आठ वर्षांपूर्वी तिथेच, तेवढीच होती असे दिसले, तर पुष्कळ पुढच्या तपासण्या टळतात. फक्त रिपोर्टचा कागद पुरत नाही, चित्रांची सीडी किंवा फिल्म हवी. कॉन्ट्रास्ट सीटी ठरली, तर अलीकडचे क्रिएटिनिन, आधी कॉन्ट्रास्टची ॲलर्जी झाली होती का आणि मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध चालू आहे का, हे स्कॅन ठरवतानाच सांगावे.

फॉलो-अप सोनोग्राफी सांगितली असेल, तर ती शक्यतो त्याच केंद्रात करावी, मूत्राशय किती भरलेले ठेवायचे ते आधी विचारावे आणि जुना रिपोर्ट तपासणी सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांच्या हातात द्यावा. नंतर दिला, तर त्यांनी त्या जागी मुद्दाम प्रोब ठेवून तुलना केलेली नसते आणि नव्या रिपोर्टमध्ये जुन्या सिस्टचा उल्लेखच नसला, तर ती गेली की पाहायची राहिली हे कोणालाच सांगता येत नाही.